खिडकी उघडी, रजई एक

मला थंडी वाजते. हे वाक्य लिहायला सोपं आहे, पण आमच्या घरात ते बोलायची सोय नाही. बोललो की बायको आधी खिडकीकडे बघते, मग माझ्याकडे बघते आणि विचारते, "कुठे आहे थंडी? दाखवा बरं."

आता थंडी काय दाखवणार? ताप दाखवता येतो, सूज दाखवता येते, पायात काटा गेला तर काढून तळहातावर ठेवता येतो. थंडीला पुरावा नसतो. कुडकुडून दाखवलं तर ती म्हणते, "नाटकं पुरे."

मी चौतीस वर्षं कापड रंगवण्याच्या कारखान्यात बॉयलरवर होतो. समोर भट्टी, डोक्यावर वाफेचे नळ. ऐन हिवाळ्यातसुद्धा अंगात बनियन. बायकोने जवळजवळ तेवढीच वर्षं शीतगृहात फळं निवडली. ऐन उन्हाळ्यात ती स्वेटर घेऊन कामावर निघायची आणि शेजारणी तिच्या डोक्याविषयी शंका घ्यायच्या. आमचं लग्न जुळवणाऱ्यांनी उंची पाहिली, वय पाहिलं, मामाचं घर पाहिलं. हवामान कोणी पाहिलं नाही.

तसा आमच्याकडचा हिवाळा म्हणजे नावाचा हिवाळा. दीड-दोन महिने येतो, भिंतीला टेकतो आणि जातो. पण त्या दीड-दोन महिन्यांसाठी बायको बाकीचं वर्ष कसंबसं ढकलते. पहिला गारवा आला की ती खिडकीची दोन्ही दारं सताड उघडते, समोर उभी राहून मोठ्ठा श्वास घेते आणि म्हणते, "अहाहा!" त्याच क्षणी मी कानटोपी शोधत असतो. आमच्याकडे खोली एक, खिडकी एक आणि मतं दोन.

तरी चाळीस वर्षं निभावलं. या वर्षी लेकीचा फोन आला तिथे सगळं फिसकटलं.

लेक असते वर, डोंगराच्या पलीकडे, बर्फाच्या मुलखात. ती म्हणाली, "पुढच्या महिन्यात माझं बाळंतपण आहे. तुम्ही दोघंही या. बाबा, तुम्हीसुद्धा. कारणं चालणार नाहीत."

या मुलीचं मला ऐकावंच लागतं, कारण ती माझी मास्तरीण आहे. मी आकडे वाचायचो, कारण आकडे वाचल्याशिवाय बॉयलर सांभाळता येत नाही. अक्षरं मात्र मला अठ्ठेचाळिसाव्या वर्षी तिने शिकवली, तेव्हा ती स्वतः नऊ वर्षांची होती. 'ढ' नीट आला नाही की म्हणायची, "बाबा, पुन्हा दहा वेळा." मी बॉयलरच्या जुन्या नोंदवहीच्या मागच्या पानांवर दहा वेळा काढायचो. आता तिच्या घरी नवीन विद्यार्थी येणार आणि मी तिथे नसणार, हे काही मनाला पटेना. मी म्हणालो, "येतो."

फोन ठेवल्यावर बायको म्हणाली, "येतो काय येतो? इथे पंधरा डिग्रीला तुमची दातखीळ बसते. तिथे नळातलं पाणी गोठतं. तिथे जाऊन रजईत गुंडाळून बसलात, तर मी बाळंतिणीचं बघू की तुमचं?"

"मी काही गुंडाळून बसणार नाही."

"मग दाखवा करून. सात रात्री. खिडकी उघडी, रजई एक, कानटोपी नाही. सात रात्री काढल्यात तर चला. नाही तर मी एकटी जाते, तुम्ही इथे तुमची थंडी राखत बसा."

चाळीस वर्षांत मी तिची एकही पैज जिंकलेलो नाही. तरीही म्हणालो, "मंजूर." माणूस म्हातारा झाला तरी 'मंजूर' म्हणायची त्याची हौस जात नाही.

आधी मी तिकिटांचं काम उरकायचं ठरवलं. वर जाणाऱ्या बसचा नियम असा, की सत्तरीपुढच्या माणसाने डॉक्टरचा दाखला द्यायचा: 'थंड हवेत प्रवासास योग्य'. मी एकाहत्तर. दोन तारखेला आमच्या कोपऱ्यावरच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी छाती ऐकली, पाठ ऐकली आणि म्हणाले, "काका, छाती लोहाराच्या भात्यासारखी आहे. कुठेही जा." तसं लिहूनही दिलं. तो कागद घेऊन मी बसच्या कचेरीत गेलो.

खिडकीतल्या कारकुनाने कागद उलटा करून पाहिला, सुलटा करून पाहिला आणि परत दिला.

"प्रवास कधीचा?"

"वीस तारखेचा."

"दाखला प्रवासाआधी आठ दिवसांच्या आतला लागतो. हा फार लवकर आणलात."

"अहो, तब्येत चांगली आहे तोवर आणला."

"आजोबा, चांगली आहे तर आठ दिवसांत काय बिघडणार आहे? बारा तारखेनंतर या."

तो कारकून वाईट माणूस नव्हता. त्याच्या गळ्यात मफलर होता, त्यामुळे मला तो जवळचाच वाटला. पण 'काय बिघडणार आहे' हे त्याचे शब्द मी अजून विसरलेलो नाही.

तीन तारखेपासून परीक्षा सुरू झाली. मी कारखान्यातली एक कोरी नोंदवही काढली. निवृत्त होताना लोक घड्याळ मागतात. मी नोंदवह्या मागितल्या होत्या. रकाने आखले: तारीख, तापमान, खिडकी, शेरा. भिंतीवर तापमापक लावला. बायको म्हणाली, "हे कशाला? मी बघतेच आहे ना." मी म्हणालो, "नोंदीशिवाय काम करायची मला सवय नाही." चौतीस वर्षांत मी एकही खोटा आकडा लिहिलेला नाही. आमच्यात म्हण होती, की बॉयलरशी खोटं बोलणारा माणूस एकदाच बोलतो.

आमच्या वरच्या मजल्यावर ट्रकवाले राहतात. पंचवीस वर्षं त्यांनी बर्फातल्या घाटांत ट्रक चालवला. आता गुडघे गेले, ट्रक गेला, पण घाट काही गेले नाहीत. माझी पैज त्यांना कळली आणि सकाळी ते चहाचा पेला हातात घेऊनच खाली आले.

"बॉयलरवाले, याला थंडी म्हणता? एकदा घाटात डिझेल गोठलं होतं. मी टाकीखाली शेकोटी केली."

"डिझेलच्या टाकीखाली?"

"मग काय! थंडीत माणूस विचार करत नाही."

खरं तर इथेच मी शहाणं व्हायला हवं होतं. टाकीखाली शेकोटी करणाऱ्या माणसाचा सल्ला घेऊ नये. पण इमारतीत बर्फ पाहिलेला दुसरा माणूस नव्हता. त्यांनी सांगितलं की पहाटे गार पाण्याने अंघोळ करायची, म्हणजे शरीर घाबरतं आणि मग दिवसभर गप्प बसतं. मी केली. माझं शरीर घाबरलं हे खरं, पण गप्प बसलं नाही. शेजारच्या घरातून कोणी तरी विचारलं, "काकांना काय झालं हो?"

त्यांचा दुसरा सल्ला बरा होता. ट्रकवाले लोक म्हणे सदऱ्याच्या आत वर्तमानपत्र घालतात. छातीला वारा लागत नाही. बायकोच्या अटींत वर्तमानपत्राचा उल्लेख नव्हता. मी छातीवर एक आणि पाठीवर एक अंक घालून झोपलो. ऊब आली, पण कूस बदलली की असा आवाज व्हायचा, की बायको दचकून उठली आणि कपाटाखाली काठी फिरवू लागली.

"उंदीर आहे."

"मी आहे."

"तुम्ही काय कुरतडताय?"

मी सदरा उघडून दाखवला. ती बराच वेळ बघत राहिली. म्हणाली, "निदान आजचा तरी घालायचा. हा शिळा आहे."

पाच रात्री गेल्या. नोंदवहीत तसं लिहिलेलं आहे: तेरा, चौदा, तेरा, बारा, चौदा. खिडकी उघडी, उघडी, उघडी. रोज सकाळी बायको सही करायची. तिचा चेहरा जरा बदललेला दिसत होता. पाचव्या दिवशी तिने माझा एकुलता एक जाड सदरा आपण होऊन बॅगेत ठेवला. मी पाहिलं, पण बोललो नाही. शुभ गोष्टीला दृष्ट लागू नये.

सहाव्या रात्रीनंतर सकाळी जाग आली तर खोली उबदार. फार गाढ झोप लागली होती. बघतो तर खिडकी बंद, कडी घातलेली. बायको अजून झोपलेली होती, तिच्या कपाळावर घामाचे थेंब. मी झोपेतच उठून खिडकी बंद केली होती. चाळीस वर्षांची हाताची सवय. त्या सवयीला पैज कोणी सांगायची?

मी उठलो, खिडकी हळूच उघडली. दहा मिनिटांत खोली पहिल्यासारखी झाली. कोणालाही काही कळलं नसतं. नोंदवही घेतली, पेन उघडलं, तिसऱ्या रकान्याशी आलो, आणि हात चालेना. शेवटी लिहिलं: खिडकी बंद. शेरा: झोपेत, स्वतः.

बायकोने ते वाचलं. दोनदा वाचलं. म्हणाली, "अहो, लिहिलं नसतं तर मला कळलंही नसतं."

"मला कळलं असतं."

तिने नोंदवही मिटून माझ्यापुढे ठेवली. मला वाटलं, आता विरघळेल, म्हणेल जाऊ द्या, चला तुम्ही. पण तीस वर्षं शीतगृहात काढलेली बाई इतक्या लवकर विरघळत नाही. "मग पुन्हा पहिल्यापासून," असं म्हणून ती चहा टाकायला गेली.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे. पण खरं अवलक्षण पुढे होतं. मी वर जाऊन ट्रकवाल्यांना म्हणालो, "खिडकी मला बंदच करता येऊ नये असं काही तरी करा."

"एवढंच ना?" ते म्हणाले. त्यांच्या डोळ्यांत चमक आली. काम नसलेल्या माणसाला काम देताना विचार करावा. त्यांनी पलंगाखालून हत्यारांची पेटी काढली, ट्रकच्या मागच्या फाळक्याची एक लोखंडी पट्टी काढली, खिडकीची दोन्ही दारं पूर्ण उघडून बाहेरच्या गजाला त्या पट्टीने आवळली आणि नट फिरवत राहिले. मी म्हणालो, "पुरे." ते म्हणाले, "घाटात पुरे म्हणून चालत नाही." शेवटी 'कट्' असा आवाज झाला. आटे गेले होते. नट आता ना पुढे जाईना, ना मागे.

"झालं पक्कं," ते म्हणाले.

"पण काढायचं कसं?"

"काढायचं कशाला? तुम्ही तर बर्फात चाललात!"

नऊ तारखेपासून पंधरापर्यंतच्या सात रात्रींबद्दल मी फार लिहिणार नाही. नोंदवहीत आकडे आहेत. अकरासुद्धा आहे एकदा. मी अंगाखाली हात घेऊन, गुडघे हनुवटीला लावून, आईच्या पोटात होतो तसा पडून राहायचो आणि लेकीने शिकवलेली बाराखडी मनात म्हणायचो. सोळा तारखेच्या सकाळी बायकोने सातवी सही केली आणि शेऱ्याच्या रकान्यात आपल्या हाताने लिहिलं: 'पास'. मग माझ्याकडे बघून हसली. म्हणाली, "चला हो. दोघं जाऊ."

मी उठायला गेलो आणि मला उठताच येईना.

डॉक्टरांनी त्याच छातीला नळी लावली. या वेळी फार वेळ ऐकत राहिले.

"काका, पंधरा दिवसांपूर्वी भाता होता. हे काय करून घेतलंत?"

"थंडीची सवय."

"कशासाठी?"

"थंडीत जाण्यासाठी."

त्यांनी पेन खाली ठेवलं, चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. मग दाखला लिहिला. तारीख अगदी नियमात बसणारी, आठ दिवसांच्या आतली: 'छातीत कफ. एक महिना थंड हवेत प्रवासास अयोग्य.' कारकुनाने तो वाचला तेव्हा त्याचाही चेहरा पडला. म्हणाला, "आजोबा, हा कागद मात्र वेळेवर आणलात."

बायको जायचं रद्द करायला निघाली होती. मी तिला करू दिलं नाही. ताप उतरला होता, खोकला तेवढा होता. मी म्हणालो, "पोरगी वाट बघतेय. मी काय, माझी थंडी राखत बसतो." तिचेच शब्द तिला परत दिले, पण त्यात मजा आली नाही. बसमध्ये चढताना ती म्हणाली, "उगाच लावली मी ती पैज." मी म्हणालो, "पास झालो ना पण?" ती म्हणाली, "झालात हो." बस गेली. बाजूची जागा रिकामीच गेली.

आता माझ्या हाती एक फायदा तरी होता, असं कोणालाही वाटेल. बायको नाही, म्हणजे खिडकी आपली. पण खिडकी आवळलेली! ट्रकवाल्यांनी तीन दिवस नटाशी झुंज दिली. नटाला काही झालं नाही, त्यांचं मनगट मात्र दुखावलं. पट्टी कापायची तर गज कापायला हवा आणि गज इमारतीच्या दर्शनी बाजूला. मी इमारतीच्या सेक्रेटरीकडे गेलो.

सेक्रेटरी सकाळी फेऱ्या मारणारे गृहस्थ, अर्ध्या चड्डीतले. म्हणाले, "दर्शनी भागाला हात लावायचा तर लेखी अर्ज. कारणासकट."

अर्ज लिहायची मला भीती नाही. मी सुंदर अक्षरात लिहिला. कारण: थंडी.

तो अर्ज समितीच्या बैठकीत आला. मी स्वयंपाकघरात ओट्याखाली झोपतो, हेही मी तिथे सांगितलं. सेक्रेटरी म्हणाले, "भावना समजते. पण यंदा थंडी आहे का, हा मुद्दा आहे. मला तर जाणवली नाही." कोणी म्हणालं, होती थोडी. कोणी म्हणालं, छे, पूर्वीची थंडी राहिली कुठे. शेवटी हात वर करायला सांगितले. यंदा थंडी नाही, या बाजूने नऊ हात. आहे, या बाजूने दोन: एक माझा आणि एक ट्रकवाल्यांचा, तोही पट्टी बांधलेला. ज्या माणसाने आयुष्यभर आमच्या हवेला थंडी म्हटलं नाही, त्याने माझ्यासाठी आपल्या सगळ्या घाटांवर पाणी सोडलं. मी त्यांना सगळं माफ केलं. अर्ज पुढच्या बैठकीपर्यंत राखून ठेवण्यात आला.

मग एका दुपारी फोन वाजला, व्हिडिओचा. समोर जावई. अंगात बनियन.

मी घाबरलो. "जावईबापू, अहो कपडे घाला! बाहेर बर्फ आहे ना?"

"बाहेर आहे, बाबा. घरात कुठे आहे? खाली तळघरात बॉयलर आहे, सगळ्या इमारतीला ऊब देतो. इथे हिवाळ्यात सगळे असेच बसतात. तुम्हाला माहीत नव्हतं?"

 माझ्या मागून, आवळलेल्या खिडकीतून वारा येत होता आणि अंगात दोन वर्तमानपत्रं होती.

"कसला बॉयलर?" मी शेवटी विचारलं.

"ते मला काय कळतं? मोठा आहे. सांभाळणारा एक म्हातारा आहे, त्याला दुसरा माणूस मिळत नाही म्हणे."

एवढ्यात त्याच्या हातातून फोन बायकोने घेतला. चेहरा लालबुंद, हातात कसलं तरी मासिक, त्याने वारा घेत होती. "अहो, इथे खिडकीच उघडत नाही हो! दोन काचा आहेत आणि दोन्ही पक्क्या. सव्वीस डिग्री आहे घरात. जीव गुदमरतो माझा. बाहेर एवढी सुंदर थंडी आणि मी काचेला गाल लावून बसते."

चाळीस वर्षांत पहिल्यांदा मला माझ्या आवडीची हवा कुठे आहे ते कळलं, आणि तिथे ती होती. तिच्या आवडीच्या हवेत मी होतो. मला हसू यायला हवं होतं. खोकला आला.

नात झाली. मी तिला फोनवर पाहिली. एका पातळ सुती कापडात होती, दुसरं काही पांघरूण नाही, आणि खुशाल झोपली होती. ही माझ्यावर गेली, हे मी ओळखलं. लेक म्हणाली, "बाबा, बरे व्हा. पुढच्या हिवाळ्यात या. तुमचं अंथरूण बॉयलरच्या वरच्याच खोलीत घालते."

पुढचा हिवाळा. एकाहत्तराव्या वर्षी माणूस पुढच्या हिवाळ्याची नोंद कुठल्या रकान्यात करणार?

काल समितीचं पत्र आलं. गज कापून खिडकी बंद करण्यास परवानगी देण्यात येत आहे, कारण 'बदलत्या हवामानाचा विचार करता' वगैरे. कालच हवाही बदलली होती. मी बनियनवर खिडकीत बसून ते पत्र वाचलं. छान ऊब होती. आता ती खिडकी उघडीच राहिली तरी कोणाची तक्रार नाही. माझीही नाही.

तेवढ्यात बायकोचा फोन आला. आता तो रोज याच वेळी येतो. नात झोपली का, लेक जेवली का हे सांगून झालं, की ती शेवटी एकच गोष्ट विचारते, आणि विचारताना तिचा आवाज हळू होतो.

"आज किती हो आपल्याकडे?"

मी भिंतीवर पाहिलं. चोवीस.

"चौदा," मी म्हणालो. "सकाळी तर बारा होतं. खिडकीतून असा बोचरा वारा येतोय म्हणून सांगू!"

 पलीकडून काचेवर गाल टेकल्यासारखा एक लांब श्वास ऐकू आला. "अहाहा," ती म्हणाली.

फोन ठेवून मी नोंदवही काढली. तारीख लिहिली. तापमान: चोवीस. खिडकी: उघडी. मग शेऱ्याच्या रकान्याशी थोडा थांबलो आणि लिहिलं: 'फोनवर चौदा सांगितले.'